रस्त्यावरून दिसणारं घर कोणाचं?

पणजीच्या फोन्ताईन्हास भागात पर्यटनाचा हंगाम आला की एक वाद नव्यानं पेटतो. निळ्या, पिवळ्या, तांबड्या भिंतींपुढे फोटोसाठी रांगा लागतात. कुणी परक्याच्या पायऱ्यांवर फतकल मारतं, कुणी खिडकीच्या झडपेला रेलून उभं राहतं, कुणी उघड्या दारातून आत डोकावतं. रहिवासी वैतागतात, भिंतींवर ‘फोटो काढू नका’ अशा पाट्या लागतात. मग मागणी येते की दुसऱ्याच्या घराचा फोटो काढायचा तर मालकाची परवानगी कायद्यानंच सक्तीची करा. समोरून येणारं उत्तरही तेवढंच अविचारी असतं: रस्ता सार्वजनिक आहे, दिसेल ते टिपू, आम्हाला कोण अडवणार? दोघेही हा मालकीचा वाद आहे असं धरून चालतात आणि म्हणून दोघांचाही नेम चुकतो. माझं मत आधीच सांगते. रस्त्यावरून दिसणाऱ्या घराच्या चित्रावर घरमालकाचा हक्क असू नये. आपल्या कायद्यानं तो दिलेला नाही, आणि ते योग्यच आहे. घरात राहणाऱ्या माणसाच्या स्वास्थ्यावर मात्र त्याचा पुरेपूर हक्क आहे, आणि त्या हक्काची आज उघड उघड पायमल्ली होते. चित्राची मालकी मागून ते स्वास्थ्य मिळणार नाही.

आपला कायदा काय म्हणतो ते आधी पाहू, कारण त्याबद्दल गैरसमज फार आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं वास्तुरचनेला कलाकृती मानलं आहे, पण त्याच कायद्याच्या कलम ५२ नुसार इमारतीचं चित्र वा फोटो काढणं आणि प्रसिद्ध करणं हा कॉपीराइटचा भंग होत नाही. सार्वजनिक जागी कायमस्वरूपी उभ्या असलेल्या पुतळ्यांनाही तीच मोकळीक आहे. शिवाय कॉपीराइटचा प्रश्न येतो तो वास्तुरचनाकाराचा. घर विकत घेणाऱ्याला किंवा वारशानं मिळवणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही. मुंबईच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलच्या इमारतीची २०१७ मध्ये व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी झाली, तेव्हा अनेकांना वाटलं की आता गेटवेवर कॅमेरा काढायचीही चोरी. तसं काही नाही. व्यापारचिन्ह दुसऱ्या व्यापाऱ्याला ते रूप आपल्या मालाची ओळख म्हणून मिरवण्यापासून रोखतं. बोटीतून परतताना घुमटाचा फोटो काढणाऱ्या कुटुंबाशी त्याचा संबंध नाही. मालकाचा अधिकार सुरू होतो तो फाटकाच्या आत. तिथं तो ‘कॅमेरा बंद’ म्हणाला की बंद.

या प्रश्नाकडे मी वळले ती गोव्यामुळे नव्हे, घराजवळच्या एका प्रसंगामुळे. आमच्या गल्लीतल्या एका घरमालकानं सामासिक अंतरात, म्हणजे घराभोवती मोकळ्या ठेवायच्या जागेत, पत्र्याची शेड ठोकली आणि आगीचा बंब आत शिरायची वाट बंद केली. मी वॉर्ड ऑफिसात तक्रार घेऊन गेले. खिडकीपलीकडच्या कारकुनानं अर्ज वाचला आणि परत सरकवला: ‘बाई, फोटो जोडा. तारीख दिसली पाहिजे.’ म्हणून रस्त्यावर उभी राहून फोटो काढत होते, तर मालक वरच्या गॅलरीतून ओरडले, ‘माझ्या घराचा फोटो काढायची परवानगी कुणी दिली तुम्हाला?’ त्यांच्या आवाजात खरा संताप होता. आपल्यावर अन्याय होतोय असंच त्यांना वाटत होतं. परवानगीचा कायदा असता तर त्या क्षणी कायदा त्यांच्या बाजूनं उभा राहिला असता आणि माझी तक्रार पुराव्याअभावी पडली असती. अशा कायद्याचा आसरा सगळ्यांत आधी कोण घेईल? फोन्ताईन्हासमधल्या म्हाताऱ्या बाईंना वकील परवडणार नाही. परवडेल तो वाढीव बांधकाम करणाऱ्याला, टेकडी फोडणाऱ्याला, किनाऱ्यावर बंगला बांधणाऱ्याला. अलिबागजवळच्या किहीमला नीरव मोदीचा बंगला किनारा नियमन क्षेत्राचे नियम मोडून उभा होता. मार्च २०१९ मध्ये तो सुरुंग लावून पाडावा लागला. पुळणीवर उभं राहून अशा बंगल्याचा फोटो काढायचा तर कुणाच्या सहीची वाट पाहायची?

अमेरिकेतलं एक प्रकरण या संदर्भात नेहमी सांगितलं जातं, पण त्यातला महत्त्वाचा भाग गाळून. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याची धूप नोंदवण्यासाठी एका जोडप्यानं हेलिकॉप्टरमधून किनारपट्टीचे बारा हजारांहून अधिक फोटो काढून सर्वांसाठी खुले केले. त्यांतल्या एकात गायिका बार्बरा स्ट्रायसँड यांचं घर होतं. २००३ मध्ये त्यांनी पाच कोटी डॉलरचा दावा लावला. तोवर तो फोटो सहा वेळा उतरवून घेतला गेला होता, त्यातला दोनदा त्यांच्याच वकिलांनी; दाव्याचा गाजावाजा झाल्यावर लाखो लोकांनी तो पाहिला. लोक हा किस्सा ‘लपवायला गेलं की जास्त दिसतं’ एवढ्यासाठी सांगतात. मला त्यातलं दुसरंच महत्त्वाचं वाटतं. सलग किनाऱ्याची नोंद मालकांच्या परवानगीवर अवलंबून ठेवली असती तर जिथं कुणी समुद्रात भिंत घातली असेल नेमके तेवढेच तुकडे कोरे राहिले असते. दावा फेटाळला गेला हे त्या किनाऱ्याचं भाग्य.

फ्रान्सनं तर हा प्रयोग प्रत्यक्ष करून पाहिला. नॉर्मंडीत बेनूव्हील इथं पुलाजवळ काफे गोंद्रे नावाचं छोटं घर आहे. ६ जून १९४४ च्या पहाटे ब्रिटिश हवाई तुकडीतल्या सैनिकांनी मुक्त केलेलं फ्रान्समधलं पहिलं घर म्हणून ते ओळखलं जातं. त्याच्या फोटोची पोस्टकार्डं विकली गेली म्हणून मालकीण न्यायालयात गेली, आणि १९९९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तिच्या बाजूनं कौल दिला: वस्तूचा उपभोग घेण्याचा हक्क मालकाचा, आणि तिच्या चित्रातून पैसा मिळवणं हाही उपभोगच. तर्क वरवर बिनतोड दिसतो. पुढे काय झालं? ब्रिटनीतल्या एका खडकाळ बेटाचे मालक पर्यटनाच्या पोस्टरवरून भांडत आले. ओव्हेर्न्य प्रांतात एका निद्रिस्त ज्वालामुखीच्या मालकांनी जाहिरातीतल्या फोटोवरून दावा लावला. डोंगर कुणाच्या सातबाऱ्यावर आहे हे पाहून देखावा टिपायचा अशी पाळी आली. पाच वर्षांत न्यायालयाला पूर्णपीठ बसवून माघार घ्यावी लागली. रूआंमधल्या ओतेल द जिरांकूर या जुन्या हवेलीचा फोटो एका बिल्डरनं आपल्या शेजारच्या इमारतीच्या माहितीपत्रकात छापला होता. ७ मे २००४ ला निकाल लागला: वस्तूच्या मालकाला तिच्या चित्रावर एकाधिकार नाही; त्या चित्रामुळे त्याला असाधारण त्रास होत असेल तरच तो हरकत घेऊ शकतो. प्रश्न ‘घर कोणाचं?’ यावरून ‘त्रास कोणाला आणि किती?’ इथं आला. आपल्याकडची चर्चा अजून १९९९ मध्येच अडकली आहे.

विरुद्ध बाजूचा पैशाचा मुद्दा मला मनापासून पटतो, त्यामुळे तो झटकून टाकणार नाही. छपराच्या नळ्यांचे कौल दरवर्षी शाकारायचे मालकानं, चुना-रंग त्यानं लावायचा, शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी दुरुस्त करणारा कारागीर शोधत त्यानं हिंडायचं. आणि त्याच भिंतीपुढे कपड्यांच्या जाहिरातीचं शूट करून पैसे मिळवायचे दुसऱ्यानं. हे टोचणारच. ऑस्ट्रेलियात १९३७ मध्ये हाच सल न्यायालयात गेला होता. सिडनीच्या एका रेसकोर्सशेजारी राहणाऱ्यानं आपल्या अंगणात उंच माळा उभारला आणि त्यावरून एका रेडिओ केंद्रानं शर्यतींचं धावतं वर्णन सुरू केलं. तिकीट काढून येणारे घटले. तरी न्यायालय म्हणालं की देखावा कुणाच्या मालकीचा होऊ शकत नाही. नको असेल तर कुंपण उंच करा. पाच न्यायाधीशांपैकी दोघांना हे मान्य नव्हतं, आणि त्यांचं म्हणणं वाचताना आजही गलबलतं. पण बहुमताच्या बाजूला न जाण्याचा परिणाम काय? मोगऱ्याचा वास रस्त्यावर येतो, कुणाच्या रियाझाचे सूर जिन्यात येतात, शेजाऱ्यानं बाग राखली म्हणून माझ्या फ्लॅटची किंमत वाढते. आपल्या कष्टातून दुसऱ्याला मिळालेल्या प्रत्येक सुखाचा मोबदला वसूल करायचा ठरवलं तर शेजार उरतच नाही.

शिवाय जुन्या घराचा दर्शनी भाग निव्वळ खासगी असतो का? मुंबईत १९९५ पासून वारसा इमारतींची नियमावली आहे. यादीतल्या घराचा सज्जा मालकाला मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही, कारण त्या सज्ज्यात शहराचाही वाटा आहे असं आपण ठरवलं आहे. पणजीतल्या संवर्धन क्षेत्रालाही बंधनं आहेत. मग ज्या चेहऱ्यावर शहराचा हक्क सांगून आपण मालकाचे हात बांधतो, त्याच चेहऱ्याकडे पाहायला शहरानं मालकाची परवानगी मागायची, हे जुळतं कसं? इथं मालकावर खरा अन्याय होतो तो वेगळा. हात बांधले जातात आणि दुरुस्तीचा खर्च त्याच्या एकट्याच्या गळ्यात पडतो. त्यासाठी भांडायला मी त्याच्यासोबत उभी राहीन. घरपट्टीत सवलत द्या, दुरुस्तीला अनुदान द्या, मुंबईसारखा हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे इथं न वापरता येणारा बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकण्याची मुभा, द्या. फोटोबंदीनं एक कौलही बदलला जाणार नाही.

आणि परवानगी मागायची तरी कुणाकडे? पुण्याच्या पेठांमधला कुठलाही जुना वाडा घ्या. सातबारा वा सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर दहा-बारा वारस, त्यांतले दोन अमेरिकेत, एक दिवंगत; खाली चार भाडेकरू, वर दिवाणी दावा. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेनं मुलगा-मुलगी दोघांना वाटा दिला, ही अभिमानाची गोष्ट, पण त्यामुळे कित्येक घरं सामाईक नावांवर आहेत आणि वाटणीची इन्व्हेंटरी न्यायालयात पिढ्यान्‌पिढ्या चालते. वारस लिस्बनला, टोरंटोला, मुंबईला. घराला कुलूप. अशा घराचा फोटो परवानगीनं काढायचा म्हणजे काढायचाच नाही. नेमकी तीच घरं पावसाळ्यागणिक खचत आहेत.

शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला. फोटोग्राफीची कला जगासमोर आली १८३९ मध्ये. अकरा वर्षांचं अंतर, आणि म्हणून जोत्यावर उभं राहून आपण वरचे मजले कसे असतील याचा नुसता अंदाज बांधत राहतो. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी तिच्याशी जोडलेले होते. पुढच्याच दशकात फोर्टचे तट पाडले गेले, पण तोवर कॅमेरे आले होते. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि मुठेकाठचे वाडे बसले. आधीचे फोटो ज्यांचे होते त्या गल्ल्या निदान कागदावर उरल्या. गिरगावच्या खोताच्या वाडीत एकेक लाकडी जिन्याचं घर जातं आहे. तिथली आठवण वाटेवरून जाणाऱ्या अनोळखी माणसांच्या फोनमध्ये विखुरलेली आहे. नोंद करणाऱ्याला त्या क्षणी हे ठाऊकच नसतं की तो नोंद करतो आहे, मग परवानगीचा अर्ज तो कशासाठी भरेल?

आता दुसऱ्या बाजूचा सगळ्यांत बळकट मुद्दा, ज्यापुढे ‘रस्ता सार्वजनिक आहे’ म्हणणारे गप्प होतात. १९५७ मध्ये कॅमेरा मोजक्यांकडे होता. आज एका दारापुढे दिवसात शेकडो माणसं उभी राहतात आणि ठिकाणाचा ठिपका लावून आणखी शेकडोंना बोलावतात. एकानं पाहिलं तर पाहिलं. हजारांनी रोज पाहिलं तर ते घर राहत नाही, नुमाइश होते. हे खरं आहे. लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयानं दहाव्या मजल्यावर प्रेक्षक-गच्ची बांधली. समोरच्या काचेच्या भिंतींच्या फ्लॅटमध्ये वर्षाला लाखो लोक डोकावू लागले, जेवणाच्या टेबलाचे फोटो काढून पसरवू लागले. खालच्या न्यायालयांनी रहिवाशांचा दावा फेटाळला; एकानं तर पडदे लावायला सुचवलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तीन विरुद्ध दोन मतांनी ते फिरवलं: हा उपद्रव आहे, आणि उपद्रव थांबवण्याचं ओझं सोसणाऱ्यावर टाकता येत नाही. त्याच देशात सत्तरच्या दशकात लॉर्ड बर्नस्टीन यांच्या घराचा विमानातून एक फोटो काढणारी कंपनी मात्र निर्दोष ठरली होती, आणि तेव्हाही न्यायाधीशांनी बजावलं होतं की अखंड पाळत ठेवली तर गोष्ट वेगळी. दोन्ही निकालांत मोजला गेला तो माणसाला झालेला जाच.

हा विचार परका नाही. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या कलम १८ मध्ये रूढीनं मिळणाऱ्या हक्काचं उदाहरणच असं आहे: एखाद्या गावाची रूढी असेल तर शेजाऱ्याच्या घरातला जो भाग सहसा नजरेआड ठेवला जातो त्यावर नजर पडेल अशी नवी खिडकी उघडता येत नाही. १८८८ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं गोकल प्रसाद विरुद्ध राधो या खटल्यात असा हक्क मान्य केला. त्या काळी त्यामागं बायकांचा पडदा होता, आणि ती चौकट मला नको आहे. पण ‘सहसा नजरेआड ठेवला जाणारा भाग’ ही कसोटी आजही चोख आहे, आणि आपल्या घरांच्या बांधणीतच ती आहे. अंगण, ओटी, पडवी येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी, माजघर घरच्यांसाठी. गोव्यातल्या घराचा बाल्कांव, म्हणजे दारापुढची बैठकीची पडवी, तर रस्त्याशी बोलायलाच बांधलेला. मागच्या खेपेला मी एका घराचा फोटो काढत होते, तर बाल्कांवात बसलेल्या आजींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पण एक तरुण दगडी बैठकीवर चढून बसला तशा त्या म्हणाल्या, ‘फोटो काड पुता, पूण सोप्यार बसूं नाका.’ या वादावर एवढं नेमकं वाक्य मी दुसरं ऐकलेलं नाही.

जर्मनीतला मधला मार्ग काहींना आवडतो: हरकत घेणाऱ्याचं घर झाकायचं. २०१० मध्ये गूगलच्या रस्ता-चित्रांसाठी तिथं सुमारे २ लाख ४४ हजार कुटुंबांनी आपली घरं धूसर करून घेतली. एका भाडेकरूनं मागणी केली तरी अख्खी इमारत धूसर, बाकीच्यांची इच्छा असो वा नसो. गाडी फिरवून पद्धतशीर चित्रं गोळा करणाऱ्या कंपनीपुढे नागरिकाला नकाराची सोय असावी हे मला मान्य आहे. चालत्या माणसाला तो नियम लावता येत नाही.

मग फोन्ताईन्हासमध्ये करायचं काय? क्योतोच्या गिओन भागात गेइशांच्या गल्ल्यांमध्ये लोकांनी असाच उच्छाद मांडला, तेव्हा २०१९ मध्ये तिथल्या रहिवाशांनी खासगी गल्ल्यांत फोटोबंदी केली, दहा हजार येनचा दंड लावला. मुख्य रस्ता खुलाच ठेवला. पॅरिसच्या रू क्रेम्यू या रंगीत घरांच्या गल्लीतल्या लोकांनी संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी फाटक लावण्याची मागणी केली. चित्रांवर हक्क दोघांनीही सांगितला नाही, वेळ आणि जागा मागितली. पणजीतही तेच मागता येईल. पायरी, सोपो, खिडकीची चौकट ही खासगी जागा आहे, तिथं चढणं म्हणजे अतिक्रमण, हे पाटीवर लिहा आणि शनिवार-रविवार पोलीस उभा करा. झडपेतून आत लेन्स रोखणाऱ्यावर, बाईचा खासगी क्षण टिपणाऱ्यावर कारवाई करायला आजचे कायदे पुरेसे आहेत, ते वापरा. दिवे, छत्र्या, कपड्यांच्या बॅगा घेऊन येणाऱ्या प्री-वेडिंगवाल्यांना आणि जाहिरातवाल्यांना महापालिकेची परवानगी, ठरावीक तास आणि शुल्क लावा, आणि ते शुल्क त्याच गल्लीच्या गटारांवर, दिव्यांवर, भिंतींवर खर्च करा. काही वर्षांपूर्वी पर्रा गावच्या पंचायतीनं माडांच्या रांगेतल्या रस्त्यावर फोटो काढणाऱ्यांकडून पैसे घ्यायला सुरुवात केली तेव्हा ओरड झाली. रस्त्यानं जाणाऱ्या साध्या पर्यटकाला पावती फाडायला लावणं चूकच. पण चित्रीकरणाचा ताफा आणणाऱ्याकडून गावानं पैसे मागणं रास्त होतं, आणि दोन्ही एकाच दमात झिडकारले गेले.

आमच्या गल्लीतल्या शेडची तक्रार मी तीन फोटो जोडून दिली. पहिल्या खेपेला काढलेल्या फोटोंपैकी एकात त्यांच्या स्वयंपाकघराची उघडी खिडकी आली होती. ओट्याशी त्यांच्या सूनबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. शेड त्यात सगळ्यांत स्पष्ट दिसत होती. तो फोटो मी पुसून टाकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या खांबापाशी उभी राहून, खिडकी येणार नाही अशा कोनातून, पुन्हा काढला.